साडेअठरा अंशांचे आकाश : पुण्याच्या गच्चीवरून सूर्यमाला आणि तारे मोजण्याची पद्धत

शालेय पुस्तकातून सूर्यमाला शिकलेल्या विद्यार्थ्याला ग्रहांची नावे क्रमाने पाठ असतात, शनीला कडी असतात हेही ठाऊक असते. परंतु आज संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा ठळक ठिपका शुक्र आहे की गुरू, हे त्याला बहुधा सांगता येत नाही. याचे कारण सरळ आहे. पुस्तकातील आकाश कोणत्याच गावाचे नसते आणि प्रत्यक्षातील आकाश मात्र नेहमी एका विशिष्ट गावाचे असते. पुणे उत्तर अक्षांश १८.५ अंश आणि पूर्व रेखांश ७३.८५ अंश येथे वसले आहे. यांपैकी साडेअठरा हा आकडा लक्षात ठेवला, तर पुण्याच्या आकाशातील बऱ्याच गोष्टी स्वतः मोजून पडताळता येतात. त्यासाठी सुरुवातीला दुर्बिणीची मुळीच गरज नाही.

पुढील क्रम सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तो सावलीपासून सुरू होतो आणि ताऱ्यांपर्यंत जातो. पहिल्या पायऱ्या गाळून थेट दुर्बिणीकडे जाण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. ज्याला उत्तर दिशा ठामपणे दाखवता येत नाही, त्याच्या हाती दुर्बीण देऊन फारसा उपयोग होत नाही.

साहित्य आणि वही

एक मीटर लांबीची सरळ काठी, ती उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी ओळंबा, खडू, मोजपट्टी, दोरा, कोनमापक, आलेखाचा कागद, लाल जिलेटीन कागद लावलेली बॅटरी आणि एक कोरी वही इतके पुरते. ओळंबा गवंड्याकडून आणण्याची आवश्यकता नाही. दोऱ्याला जड नट बांधला तरी चालतो. लाल प्रकाशाचे कारण असे की, अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने लगेच दिपतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. मोबाइलचा पडदाही तोच घोटाळा करतो, म्हणून तो खिशातच असावा.

वहीतील प्रत्येक नोंदीत तारीख, घड्याळातील वेळ, ठिकाण, ढगांची स्थिती आणि मोजमाप या पाच गोष्टी असाव्यात. वेळ लिहिली नसेल तर त्या नोंदीचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

कोन मोजण्यासाठी आपला हात पुरेसा आहे. हात पूर्ण लांब करून धरला असता करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, बंद मुठीची सुमारे १० अंश आणि ताणलेल्या वितीची सुमारे २० अंश भरते. प्रत्येकाच्या हाताची लांबी वेगळी असली तरी हाताच्या आकाराशी तिचे प्रमाण साधारण सारखेच राहते, त्यामुळे हा हिशेब लहान मुलांनाही लागू पडतो. अधिक काटेकोर मोजायचे असेल, तर मोजपट्टी डोळ्यापासून ५७ सेंटीमीटरवर धरावी. त्या अंतरावर पट्टीवरचा एक सेंटीमीटर म्हणजे आकाशातील जवळजवळ एक अंश होतो. पट्टीला ५७ सेंटीमीटरचा दोरा बांधून त्याचे टोक गालाशी धरले की अंतर चुकत नाही.

काठी, सावली आणि खरी उत्तर दिशा

सकाळी नऊ ते दुपारी चार या काळात ऊन मिळेल अशा सपाट गच्चीवर काठी ओळंब्याने तपासून उभी करावी. काठीच्या पायथ्याभोवती खडूने एक वर्तुळ काढावे. त्याची त्रिज्या दुपारच्या सर्वांत आखूड सावलीपेक्षा मोठी हवी. हिवाळ्यात सव्वा मीटर ठीक पडते. सकाळी लांब असलेल्या सावलीचे टोक आखडत आखडत वर्तुळाला ज्या ठिकाणी शिवते तेथे एक खूण करावी आणि दुपारनंतर वाढणारी सावली वर्तुळाला पुन्हा शिवेल तेथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिच्या मध्यबिंदूतून काठीच्या पायथ्याकडे जाणारी रेषा दक्षिणोत्तर. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शंकूच्या साहाय्याने दिशा साधण्याची जी रीत सांगितली आहे ती हीच. होकायंत्रापेक्षा ती अधिक भरवशाची ठरते, कारण गच्चीवरील लोखंडी सळया आणि पाण्याच्या टाकीचे सांगाडे होकायंत्राची सुई सहज भरकटवतात. ही दक्षिणोत्तर रेषा गच्चीवर ऑइलपेंटने कायमची आखून ठेवावी, कारण पुढील सर्व निरीक्षणांत ती लागणार आहे. अर्थात सोसायटीची परवानगी घेऊनच.

येथे एक अडचण येते. सावलीचे टोक धूसर असते. सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची चकती असल्यामुळे सावलीची कडा एक सेंटीमीटरपर्यंत पसरते आणि नेमकी खूण कोठे करावी हे कळत नाही. यावर उपाय म्हणजे काठीच्या माथ्यावर पोस्टकार्डाचा तुकडा आडवा चिकटवून त्याला बारीक छिद्र पाडणे. हे छिद्र काठीपासून शक्य तितक्या जवळ असावे आणि जमिनीपासून त्याची उंची बरोबर एक मीटर भरावी. मग कार्डाच्या सावलीच्या मध्ये उजेडाचा एक लहान गोल दिसतो. तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा आहे. तिच्या मध्यावर खूण करावी.

आता या मोजमापाला वर्षभराची जोड द्यावी. सूर्य दक्षिणोत्तर रेषेवर येतो तेव्हाची सावली महिन्यातून दोनदा मोजली, तरी चित्र स्पष्ट होते. २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला केवळ ४८ अंश उंचीवर असतो आणि एक मीटर काठीची सावली सुमारे ९० सेंटीमीटर भरते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास ती ३३ ते ३४ सेंटीमीटर असते. या दिवशी आलेखाच्या कागदावर १०० आणि ३३.५ अशा बाजूंचा काटकोन त्रिकोण प्रमाणात काढून माथ्याचा कोन कोनमापकाने मोजावा. तो साडेअठरा अंश येतो, म्हणजेच पुण्याचा अक्षांश केवळ एका काठीने हाती लागतो. त्रिकोणमिती शिकलेल्यांनी स्पर्शज्या वापरावी. न शिकलेल्यांचे कागदावरच्या त्रिकोणाने काहीही अडत नाही.

सूर्य रोज दुपारी बरोबर डोक्यावर येतो, हा समज मात्र या मोजमापात टिकत नाही. पुण्यात तो वर्षातून दोनच वेळा माथ्यावर येतो. एकदा १३-१४ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते आणि म्हणून त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. जुलैतील प्रसंग पावसाळी ढगांमुळे सहसा वाया जातो, त्यामुळे शाळेला सुट्टी असली तरी मे महिन्यातील दिवस सोडू नये. या दोन तारखांच्या दरम्यान, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला ती साधारण साडेआठ सेंटीमीटर असते. दिल्लीत, कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे, असे कधीच घडत नाही.

दिल्लीत एखादा नातेवाईक किंवा मित्र असेल, तर याच काठीने पृथ्वीचा परीघही काढता येतो. दिल्लीचा अक्षांश २८.६ अंश असल्यामुळे, एकाच दिवशी आपापल्या मध्यान्ही दोघांनी मोजलेल्या सूर्याच्या कोनांत सुमारे १० अंशांचा फरक पडतो. नकाशावर या दोन शहरांमधील केवळ दक्षिणोत्तर अंतर मोजले असता ते सुमारे १,१२० किलोमीटर भरते. रेल्वेचे किंवा रस्त्याचे अंतर येथे घेऊ नये. दहा अंशांना इतके, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक मांडले की उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येते. हाच प्रयोग कोल्हापूरशी जोडी करून केला तर फरक दोन अंशांहूनही कमी असल्याने मोजण्यातील अर्ध्या अंशाची चूकही उत्तर पार बिघडवते. म्हणून जोडीदार शक्य तितका दूर निवडावा.

घड्याळातले बारा आणि सूर्याचा मध्यान्ह

सावली सर्वांत आखूड होण्याची वेळ वहीत लिहिताना विद्यार्थी गोंधळतात, कारण ती बाराला येतच नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पुणे त्याच्या ८.६५ अंश पश्चिमेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून पुण्याचा मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्षही कललेला आहे, त्यामुळे ही वेळ वर्षभर मागेपुढे सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.१८ च्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४९ च्या आसपास असते. शून्य सावली दिवशी बरोबर बाराला गच्चीवर जाऊन, सावली दिसतेच आहे म्हणून निराश होऊन खाली येणारे लोक दरवर्षी भेटतात. मे महिन्यात १२.३१ ची वेळ धरावी आणि दहा मिनिटे आधीपासून थांबावे.

सूर्याकडे थेट पाहू नये, आणि दुर्बिणीतून तर कधीही पाहू नये. क्षणभरात डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. सूर्याची मोठी प्रतिमा पाहायची असेल, तर लहान आरशावर पाच मिलिमीटर छिद्र असलेला काळा कागद चिकटवून त्यावरून परावर्तित झालेला कवडसा अंधाऱ्या वर्गातील भिंतीवर पाडावा. आरसा भिंतीपासून १५ मीटर दूर असेल तर सुमारे १४ सेंटीमीटर व्यासाचा सूर्य दिसतो. हे १४ आणि १५ आकडे लक्षात ठेवावेत, ते पुढे पुन्हा येतील.

ध्रुवतारा

आखलेल्या रेषेवर उभे राहून उत्तरेकडे पाहावे आणि क्षितिजापासून एका वितीपेक्षा किंचित कमी उंचीवर नजर न्यावी. तेथे जो मध्यम तेजाचा, एकाकी वाटणारा तारा असतो, तो ध्रुव. त्याची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते. पुण्यात साडेअठरा अंश, अर्ध्या-पाऊण अंशाच्या फरकाने. ध्रुव हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आहे असे मानून त्याचा शोध घेणारे हमखास फसतात, कारण तेजाच्या दृष्टीने त्याच्यापुढे चाळीसहून अधिक ताऱ्यांचा क्रमांक लागतो. शहराच्या उत्तर भागात दिव्यांचा उजेड फार असेल, तर ध्रुव दिसण्यासाठी दक्षिण उपनगरापेक्षा वेताळ टेकडी किंवा सिंहगडाच्या बाजूची मोकळी जागा निवडावी. लहान मुलांनी मोठ्या माणसांना सोबत घेऊनच जावे.

फेब्रुवारी ते जुलै या काळात संध्याकाळनंतर सप्तर्षी दिसतात. त्यांतील पुलह आणि क्रतू (चौकोनाच्या, शेपटीपासून दूरच्या बाजूचे दोन तारे) यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे पाचपट वाढवली की ध्रुव सापडतो. वसिष्ठाशेजारची अंधुक अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते का, हेही पाहावे. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात आणि त्यांच्याऐवजी शर्मिष्ठेची पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी ओळ उत्तरेला उंच दिसते. परदेशी पुस्तकांवरून तयार केलेल्या अनेक लेखांत सप्तर्षी कधीच मावळत नाहीत असे लिहिलेले असते. ते लंडनला खरे आहे, पुण्याला नाही. ध्रुवापासून साडेअठरा अंशांच्या आत असलेले तारेच आपल्याकडे मावळत नाहीत आणि सप्तर्षींतील सर्व तारे त्याहून दूर आहेत.

सप्तर्षींचा आणखी एक उपयोग आहे. त्यांतील अत्रि हा सर्वांत अंधुक तारा ३.३ प्रतीचा आहे. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. आपल्या गच्चीवरून अत्रि दिसत असेल तर आकाश कामापुरते बरे आहे असे समजावे. न दिसल्यास ती रात्र चंद्र आणि ग्रहांसाठी वापरावी.

चंद्र आणि भिंतीवरची दिनदर्शिका

चंद्राच्या निरीक्षणात मराठी घरातील मुलाला एक मोठी सोय आयती मिळते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजची तिथी आणि नक्षत्र छापलेले असते आणि या दोन्ही नोंदी म्हणजे मुळात कोनांची मोजमापे आहेत. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी पूर्ण होते. म्हणजे शुक्ल पंचमीला चंद्र सूर्याच्या ४८ ते ६० अंश पूर्वेला असला पाहिजे. सूर्यास्ताच्या वेळी मुठीने मोजून हे पडताळावे. नक्षत्र हा चंद्रमार्गाचा १३ अंश २० कलांचा (६० कला म्हणजे एक अंश) भाग आहे आणि चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पुढे सरकतो, म्हणून एका दिवसाला साधारण एक नक्षत्र. आज चंद्र रोहिणीपासून किती वितींवर आहे आणि उद्या किती, हे दोन रात्री पाहिले तरी ही गती डोळ्यांना दिसते.

या सरकण्यामुळेच चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. संकष्टीच्या दिवशी घरात चंद्रोदयाची वेळ पाहून जेवण होते. त्या वेळा सहा महिने वहीत उतरवून ठेवल्या आणि प्रत्येक वेळी चंद्र क्षितिजावर नेमका कोठे उगवला याची खूण समोरच्या इमारतींवर धरून केली, तर चंद्राचा मार्ग उत्तर-दक्षिण कसा झुकतो तेही कळते.

दिनदर्शिकेतील एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना हमखास चकवते. ७-८ जूनला मृग नक्षत्र लागते आणि शेतकरी पेरणीची तयारी करतात. म्हणून मुले जूनच्या रात्री आकाशात मृग शोधू लागतात. पावसाची नक्षत्रे सूर्याची असतात. सूर्यच मृगात असल्यामुळे ते तारे त्या काळात दिवसा सूर्यासोबत उगवतात आणि मावळतात, रात्री दिसत नाहीत. रात्री मृग पाहायचा तर डिसेंबर ते एप्रिल. याउलट चंद्राचे नक्षत्र त्याच रात्री पाहता येते. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या, तर माघी पौर्णिमेचा मघेच्या परिसरात असतो.

खड्डे आणि डोंगर पाहण्यासाठी पौर्णिमा ही सर्वांत वाईट रात्र आहे, कारण तेव्हा चंद्रावर सावल्या जवळजवळ नसतात. अष्टमीच्या आसपास, उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर, साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही विवरांच्या कडा ठळक दिसतात.

साडेचारशे मीटरची सूर्यमाला

पुस्तकातील सूर्यमालेच्या चित्रात ग्रहांचे आकार आणि अंतरे एकाच प्रमाणात असूच शकत नाहीत, कारण तसे करायला कागद पुरत नाही. त्यासाठी रस्ताच हवा. एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर असे प्रमाण घ्यावे. मग एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर होतो आणि सगळे हिशेब तोंडी जमतात.

सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, म्हणून पुठ्ठ्याची १४ सेंटीमीटरची चकती कापून काठीवर लावावी. तिच्यापासून ५.८ मीटरवर बुध, १०.८ मीटरवर शुक्र, १५ मीटरवर पृथ्वी आणि २२.८ मीटरवर मंगळ येतो. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर असल्याने तिच्यासाठी १.३ मिलिमीटरचा राईचा दाणा लागतो, शुक्रासाठी त्याहून किंचित लहान. बुध आणि मंगळ रव्याच्या कणांएवढे. चंद्र पृथ्वीपासून चार सेंटीमीटरवर असतो. माणूस आजवर प्रत्यक्ष गेला तो जवळजवळ एवढ्याच अंतरापर्यंत, हे पोस्टकार्डावर दाणा आणि ठिपका चिकटवून पाहिल्यावर मुले काही वेळ गप्प होतात.

पुढे अंतरे झपाट्याने वाढतात. गुरू ७८ मीटरवर, खेळायच्या गोटीएवढा. शनी १४३ मीटरवर, भिजवलेल्या काबुली चण्याएवढा. युरेनस २८७ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर, दोघेही मोठ्या साबुदाण्याएवढे. शनीपर्यंतचा भाग मोठ्या शाळेच्या मैदानात बसतो. पूर्ण मांडणीसाठी तळजाईच्या टेकडीवरची सकाळची वाट चांगली; वाहता रस्ता मुळीच निवडू नये. प्लूटोला २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने बटुग्रहांच्या वर्गात टाकले. नेपच्यूनपलीकडे त्याच्यासारखे इतर पिंड सापडू लागले होते, त्यामुळे एक तर त्या सर्वांना ग्रह म्हणावे लागले असते किंवा कोणालाच नाही.

या मांडणीत दोन पडताळण्या कराव्यात. पृथ्वीच्या जागी, १५ मीटरवर उभे राहून १४ सेंटीमीटरच्या चकतीकडे पाहिले की ती अर्ध्या अंशाची दिसते. आकाशातील खरा सूर्य आणि पौर्णिमेचा चंद्रही तेवढाच दिसतो. आरशाच्या कवडशातील १४ आणि १५ हे आकडे याच प्रमाणातून आले होते. करंगळी आडवी धरली की ही चकती पूर्ण झाकली जाते आणि त्याच रात्री चंद्रही तिच्याआड सहज लपतो. दुसरी पडताळणी प्रकाशाची. सेकंदाला तीन लाख किलोमीटर हा प्रकाशाचा वेग येथे सेकंदाला तीन सेंटीमीटर होतो. एका विद्यार्थ्याने सूर्यापासून पृथ्वीपर्यंत खडूचा तुकडा मुंगीच्या चालीने, घड्याळ लावून, सेकंदाला तीन सेंटीमीटर सरकवत न्यावा. पोचायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात. नेपच्यूनपर्यंत न्यायचा तर चार तासांहून अधिक वेळ जाईल, तेवढा धीर कोणाला नसतो.

आता वर्गाला विचारावे की याच प्रमाणात सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कोठे ठेवावा लागेल. उत्तरे साधारणपणे कात्रजपासून मुंबईपर्यंत येतात. तो तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे आणि या मांडणीत त्याची जागा सुमारे ४,००० किलोमीटरवर, सिंगापूरच्याही पलीकडे, येते.

ग्रह कसे ओळखावेत

सूर्य, चंद्र आणि ग्रह हे आकाशातील एकाच अरुंद पट्ट्यातून फिरतात. ज्या मार्गाने दुपारी सूर्य गेला त्याच्या आसपास, न लुकलुकणारा ठळक ठिपका दिसला तर तो ग्रह असण्याची शक्यता मोठी. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून आणि बुध २८ अंशांहून दूर जात नाही, म्हणून मध्यरात्री डोक्यावर चमकणारा तेजस्वी ठिपका शुक्र असू शकत नाही. तो गुरू किंवा एखादा तारा असतो. मंगळाचा तांबूस रंग आणि त्याच्या तेजातील मोठा चढउतार ही त्याची ओळख; पृथ्वीपासूनचे त्याचे अंतर साडेपाच कोटींपासून ४० कोटी किलोमीटरपर्यंत बदलते.

गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षे लागतात, त्यामुळे तो एका राशीत साधारण वर्षभर असतो. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागत असल्याने एका राशीत सुमारे अडीच वर्षे. तीन राशी गुणिले अडीच म्हणजे साडेसात, हा गुणाकार खगोलशास्त्राचा आहे. त्यापुढे साडेसातीविषयी जे सांगितले जाते त्याच्याशी खगोलशास्त्राचा काहीही संबंध नाही.

तारे : दक्षिणोत्तर रेषेवरचे संमेलन

ताऱ्यांची ओळख करून घ्यायला फेब्रुवारीचा मध्य ही माझ्या मते पुण्यातील सर्वोत्तम वेळ. आकाश कोरडे असते, थंडी सोसवते आणि साडेआठच्या सुमारास मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येतात. हा बाण खगोलीय विषुववृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळाला, जवळजवळ चिकटून आहे, म्हणून तो माथ्यापासून दक्षिणेला साधारण साडेअठरा अंश सरकलेला दिसतो. मार्चमध्ये दुपारच्या सूर्याने जो कोन केला होता, तोच. तो ठीक पूर्वेला उगवतो आणि ठीक पश्चिमेला मावळतो, त्यामुळे अनोळखी गावातही दिशा सांगतो.

बाणाची रेषा आग्नेयेकडे वाढवली की आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध, आणि वायव्येकडे वाढवली की तांबूस रोहिणी, तिच्यापुढे कृत्तिकांचा झुबका. मृगातील काक्षी आणि राजन्य यांचे रंग नीट पाहावेत. काक्षी तांबडा आहे कारण त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन आहे, निळसर पांढरा राजन्य सुमारे १२,००० केल्विनचा. आपला सूर्य ५,८०० केल्विनच्या आसपास, या दोघांच्या मधला. ताऱ्यांचा रंग हे तापमान आहे, तेज मात्र अंतरावरही अवलंबून असते: व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे म्हणून इतका ठळक, तर राजन्य शेकडो प्रकाशवर्षे दूर असूनही पहिल्या प्रतीचा दिसतो, म्हणजे तो मुळात कितीतरी अधिक तेजस्वी असला पाहिजे.

याच रात्री ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास रेषेवर दक्षिणेकडे तोंड करावे. क्षितिजापासून एका वितीपेक्षा किंचित कमी, सुमारे १९ अंशांवर, अगस्त्य झळकत असतो. व्याधाखालोखाल तोच आकाशातील दुसरा तेजस्वी तारा. मागे वळून उत्तरेला पाहिले तर ध्रुवही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. दोन्ही बाजूंना सारखीच वीत लावता येणे हा पुण्याच्या अक्षांशाचा योगायोग आहे. दिल्लीत ध्रुव वर आणि अगस्त्य क्षितिजालगत दिसतो.

एप्रिल-मेमध्ये सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे वाढवत नेला की ३७ प्रकाशवर्षांवरची केशरी स्वाती आणि तिच्यापुढे चित्रा सापडते. मेअखेरीस रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेचे क्षितिज मोकळे असलेल्या टेकडीवरून मित्र आणि मित्रक ही जोडी पाहावी. मित्राची पुण्यातील उंची फार तर साडेदहा-अकरा अंश असते, म्हणून शहरातील इमारतींमधून तो दिसत नाही. वर ज्या जवळच्या ताऱ्यासाठी सिंगापूर ओलांडावे लागले तो मित्राच्याच कुटुंबातील असून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसतो तो ४.३७ प्रकाशवर्षांवरचा मित्र. पावसाळ्यात आकाश सहसा मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण पश्चिमेकडे झुकलेला असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपास, पानशेत किंवा वेल्ह्याच्या बाजूच्या अंधारात देवयानी दीर्घिका धुरकट डागासारखी दिसते. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

तारे रोज चार मिनिटे आधी उगवतात, म्हणजे महिन्यात दोन तास. त्यामुळे वर दिलेली वेळ एका महिन्यानंतर दोन तास अलीकडे घ्यावी.

दुर्बीण आणि पुण्यातील ठिकाणे

पहिली दुर्बीण म्हणून ७×५० किंवा १०×५० ची, म्हणजे सात किंवा दहा पट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची, द्विनेत्री घ्यावी. खेळण्यांच्या दुकानातील, खोक्यावर शेकडो पट मोठे दाखवण्याचा दावा करणारी नळी घेऊ नये. तिची तिपाई हलते आणि काहीच स्थिर दिसत नाही. द्विनेत्री गच्चीच्या कठड्यावर टेकवून गुरूकडे रोखली की त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो यांपैकी काही ठिपके दिसतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच पाहिले होते. दोन आठवडे रोज त्यांच्या जागा वहीत टिपाव्यात. आयोला एक फेरी घालायला पावणेदोन दिवस आणि कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस लागतात, हे नोंदींतून काढता येते. शनीच्या कड्यांसाठी मात्र द्विनेत्री पुरत नाही, तेथे ६० मिलिमीटरची तरी दुर्बीण लागते.

ती विकत घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहावे. टिळक स्मारक मंदिरातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते. गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारात डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभारलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. तेथील मुक्तांगण विज्ञान शोधिका शालेय विद्यार्थ्यांसाठी आहे आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने संस्था सर्वांना पाहता येते. जाताना आपली निरीक्षणाची वही बरोबर न्यावी. तिच्यातून निघालेले प्रश्न तेथील शास्त्रज्ञांना विचारता येतात. नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ती प्रकाश नव्हे तर रेडिओलहरी टिपते, म्हणून दिवसा आणि ढगाळ आकाशातही काम करते. तेथे भेटीला जाताना शाळेमार्फत आधी परवानगी घ्यावी आणि परिसरात मोबाइल बंद ठेवावा, कारण दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरींच्या तुलनेत खिशातील मोबाइलचा संदेश अतिशय प्रबळ असतो.